टेकलेला हात

आमच्या घरातल्या पितळी बुद्धमूर्तीचा उजवा हात गुडघ्यावरून खाली आलाय आणि बोटं जमिनीला टेकलीत. त्या हातावरून सासू-सासऱ्यांचं जे चालतं, ते मी लग्न होऊन वाटूरहून अंबडला आले तेव्हापासून ऐकतेय.

सासऱ्यांचं म्हणणं वाचलेलं आणि बरोबर. ज्ञान झालं तेव्हा बुद्धांनी धरणीला साक्षी ठेवलं, त्याची ही भूमिस्पर्श मुद्रा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, निमूट ऐकून घ्यायच्या. ते बाहेर पडले की मला म्हणायच्या, "असंल साक्ष. पण मला वाटतं, उठू राह्यलेत. इतकं बसल्यावर हात टेकल्याबिगर उठता येतं का कोणाला?"

मूर्ती घासायचा मान त्यांचाच. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अंगणात गोणपाट टाकून बसायच्या. भिजवलेली चिंच, चिमूटभर मीठ, जुन्या धोतराची चिंधी. केसांच्या कुरळ्या गाठींना मऊ ब्रश. चेहऱ्याला मात्र चिंधीही नाही, नुसतं बोट. मग स्वच्छ पाण्यानं धुवून लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर पितळ काळे डाग धरतं. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू. भाजी महागली, शेजारणीला सून आली, सगळं तथागतांच्या कानावर घालायचं.

"मूर्तीशी काय बोलतेस? ते देव न्हाईत," सासरे चिडायचे.

"म्हणून तर बोलते. देव असते तर काही मागितलं असतं."

मला दोघंही फार आवडतात, पण अशा वेळी जरा आत्याबाई जास्त.

गेल्या वर्षी त्या मोरीत घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं, हाड जुळलं. काठी घेऊन चालायलाही लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू खाली बसायची सवय करा. पण आत्याबाई खुर्ची सोडायला तयार नाहीत. मी रागावले तेव्हा हळूच म्हणाल्या, "बसंन मी. पण उठता आलं न्हाई तर? जन्मभर दोघांनी काखेत धरून उठवायचं? बिलकुल न्हाई."

एवढ्या तोंडाळ बाईला घाबरलेलं पाहून मलाच कसंतरी झालं. पुन्हा विषय काढला नाही.

मूर्ती घासायचं काम माझ्याकडे आलं. मला कुठे धीर! बाजारातून पॉलिशची बाटली आणली आणि पाच मिनिटांत चकाचक केलं. वाळल्यावर केसांच्या गाठींत पांढरी भुकटी. आत्याबाईंनी खुर्चीतूनच पाहिलं. "काय गं, तथागतांना म्हातारं केलंस?"

यंदा वैशाख पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी मुकाट्यानं चिंच भिजवली. गोणपाट टाकलं, मूर्ती ठेवली आणि ब्रश आणायला आत गेले. परत येऊन बघते तर आत्याबाईंची अंगणातली खुर्ची रिकामी. आत्याबाई गोणपाटावर बसलेल्या, मूर्ती मांडीशी, आणि नेहमीसारखं बोलणं सुरू. पडल्या की काय म्हणून मी धावले. पण त्या आपणहून बसल्या होत्या.

खूप वेळ घासत होत्या. मूर्ती लखलखली तरी थांबेनात. पुसून कोरडी केली, पुन्हा पुसली. बोलणंही बंद झालं. मग माझ्या लक्षात आलं, आता उठायचं राहिलं होतं.

मी हात पुढे केला.

"हात नको लावू."

उजवा तळवा जमिनीवर टेकवला, जोर केला, आणि परत खाली बसल्या. दारातून बघत असलेले सासरे लगबगीनं पुढे निघाले. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला. आत्याबाईंनी श्वास घेतला, हात थोडा अलीकडे टेकला आणि पुन्हा जोर केला. कंबर उचलली गेली, गुडघा सरळ झाला, आणि त्या उभ्या राहिल्या.

मला रडू आवरेना. सासऱ्यांनी काठी पुढे केली.

आत्याबाईंनी पदर सारखा केला आणि खाली मूर्तीकडे बघून म्हणाल्या, "मी उठले. आता तुमचं बघा."