ओल्या हातातला ट्राउट

आज जुन्या जॅकेटच्या खिशात मासे भुलवायची, गळाला बांधलेली पिसांची नकली माशी बोटाला टोचली आणि परदेशातली ती नदी आठवली. ट्राउट मासे धरायच्या सीझनचा शेवटचा शनिवार होता, पाण्यावरून पिवळी पानं वाहत होती. संध्याकाळी एकदाचा एक मासा लागला. गळ काढून मी त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यातच धरलं; तिथे मासा पकडून परत सोडतात, आणि सोडण्याआधी दमलेल्या माशाला असंच सावरू द्यायचं असतं. त्याचे कल्ले माझ्या तळव्याजवळ हलत होते. काठावरचे एक अनोळखी म्हातारे गृहस्थ म्हणाले, "ही इज फाइन नाऊ. लेट हिम गो." मी "येस, येस" म्हटलं, पण हात उघडेनात. तिथे एकटं राहताना कित्येक आठवड्यांत कुठल्याच जिवंत अंगाला माझा हात लागला नव्हता. शेवटी तोच निसटला. अजूनही गार पाण्यात हात धुताना मी नळ लगेच बंद करत नाही.