कप्तानाच्या कोटाचं रफू

मोठमोठे नट काकूंसमोर उभे राहिले की पोट आत ओढत. काकू टेप कमरेभोवती धरून शांतपणे वाट बघत आणि म्हणत, “सोडा आता. कोट घालून संवादही म्हणायचेत तुम्हाला.” मग पोट आपल्या खऱ्या जागी येई, काकू खरा आकडा लिहीत, आणि तो आकडा त्यांच्या तोंडून कधीही बाहेर पडत नसे. अडतीस वर्षं स्टुडिओच्या कपडेपटात टिकायचं तर एवढं पोटात ठेवावंच लागतं.

हा कपडेपट म्हणजे चित्रीकरणाच्या शेडमागची एक लांबलचक खोली. तीन शिलाई मशिनं, एक वाफेची इस्त्री, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लोखंडी दांडी. दांडीवर राजे, हवालदार, नवऱ्या मुली आणि भुतं खांद्याला खांदा लावून लटकलेली असत. दिग्दर्शकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत, आणि त्या सगळ्यांना सारखंच झापत.

काकूंचं एक वेड होतं. समुद्री चाच्यांची एक जुनी कादंबरी. लहानपणी वाचनालयात मुखपृष्ठ गेलेली एक प्रत हाती लागली, तेव्हापासून त्यातला कप्तान त्यांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. लग्नानंतर त्यांनी ती कादंबरी विकत घेतली आणि उशाशी ठेवली. “आमच्या घरात तिसरा माणूस राहतो,” त्यांचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “आणि तो तलवार बाळगून आहे, म्हणून मी काही बोलत नाही.”

त्या कादंबरीतलं चौदावं प्रकरण म्हणजे काकूंचा जीव की प्राण. लढाईत कप्तानाच्या कोटावर तलवारीचा वार बसतो, तोही पाठीवर. खलाशांनी ती चीर पाहिली तर त्यांना कळणार, की आपला कप्तान पाठ फिरवून पळत होता. म्हणून ज्याच्या नावाने बंदरं ओस पडतात तो माणूस खोलीचं दार लावून घेतो, सुईत दोरा ओवतो आणि आपला कोट आपणच रफू करत बसतो. हात थरथरतो, टाका चुकतो, तो उसवतो, पुन्हा घालतो. एवढंच प्रकरण. पण काकू म्हणत, त्या कप्तानाला खरा ओळखायचा असेल तर तेवढंच पुरे आहे.

आता या कादंबरीवर पडद्यासाठी तीनदा हात मारला गेला, आणि तिन्ही वेळा काकू कपडेपटात होत्या. पहिला चित्रपट आला तेव्हा त्या नव्या होत्या, बटणं लावायच्या. त्यात कप्तान सात गाणी म्हणाला, पण सुई काही हातात धरली नाही. मग मालिका झाली, सव्वीस भागांची. त्यात काकूंनी मागे लागून चौदावं प्रकरण लिहून घेतलंही होतं, पण हिरो म्हणाला, “मी शिवणकाम करणार नाही, माझे चाहते हसतील.” झालं, प्रकरण गेलं आणि त्या जागी कप्तानाची प्रेयसी आली, जिचा कादंबरीत पत्ता नव्हता. त्या दिवशी काकूंनी घरी येऊन भांडी इतक्या जोरात घासली की यजमान मुकाट्याने फिरायला निघून गेले.

आणि आता हा तिसरा. महिनाअखेर काकू निवृत्त होणार होत्या. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. पटकथा हातात आली तशी त्यांनी घाईघाईने चाळली. पुन्हा तेच! लढाईत कोट फाटतो आणि पुढच्याच दृश्यात तो धड असतो. फाटलेला कोट आपोआप कसा सांधला, हा प्रश्न पटकथेला पडला नव्हता. काकूंना पडला, आणि वाईटही फार वाटलं.

मग त्यांनी दर वेळी करत तेच केलं. कप्तानाचे कोट शिवले तेव्हा एक नंबरचा, लढाईआधीचा, धड ठेवला. दोन नंबरचा, लढाईनंतरचा, त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत फाडला आणि रफू केला. (लढाईत फाडायला तिसरा होता, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दिसणार नव्हतं. पुस्तकात आहे, बास.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. काकूंचं रफू म्हणजे एक एक धागा उचलून विणलेलं. सोमवारी सकाळी इस्त्रीसाठी दोन्ही कोटांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि परत लावायच्या वेळी रफू कुठल्या कोटावर आहे ते काकूंनाच सापडेना. बोटं फिरवली, चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन पाहिलं. शेवटी एका पाठीवर किंचित जाडी लागल्यासारखी वाटली आणि त्यांनी तिथे दोन नंबर लावला. चुकीचा.

तीन दिवस जहाजाच्या डेकवर चित्रीकरण झालं. खाली यंत्रं लावून डुलवलेला लाकडी डेक, त्यावर चाळीस चाचे, त्यातल्या अकरा जणांना डेक लागून उलट्या. गुरुवारी सकाळी डेक मोडून शेड दुसऱ्या कंपनीला दिली, आणि दुपारी दिग्दर्शक झालेलं काम मोठ्या पडद्यावर बघायला बसले. पडद्यावर कप्तान पाठमोरा उभा होता. दिव्याचा उजेड तिरपा पडला होता, आणि त्या उजेडात खांद्यापासून कमरेपर्यंत एक बारीक रेघ स्पष्ट दिसत होती.

“हे काय आहे?” दिग्दर्शकांनी विचारलं. “लढाई व्हायच्या आधी कोटाला रफू?”

दृश्यांचा मेळ सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आपले फोटो काढून पाहिले. प्रत्येक फोटोत रेघ होती, फक्त आता माहीत असल्यामुळे दिसत होती. संगणकावर पुसून देणाऱ्याने दोन महिने मागितले. निर्माते खुर्चीतून उठले आणि कुणाला तरी आजच घरी पाठवतो म्हणाले.

“मला पाठवा,” दारातून काकू म्हणाल्या. “नाहीतरी महिनाअखेर जाणारच होते. चिठ्ठ्या मी उलट्या लावल्या.”

“पण काकू, मुळात रफू केलंत कशाला? पटकथेत कुठे आहे?”

“कादंबरीत आहे. चौदावं प्रकरण.”

दिग्दर्शकांनी पटकथालेखकाकडे पाहिलं. लेखकाने छताकडे पाहिलं.

“तुम्ही कादंबरी वाचली आहे ना?” दिग्दर्शकांनी विचारलं.

“मी मालिका पाहिली आहे,” लेखक म्हणाला. “दोनदा.”

“मालिका कशावरून लिहिली होती?”

“पहिल्या चित्रपटावरून,” काकू म्हणाल्या. “आणि साहेब, तुम्ही वाचलीत का हो?”

दिग्दर्शक प्रामाणिक माणूस. लाजले आणि म्हणाले, “आणा पुस्तक.” पुस्तक काकूंच्या पिशवीतच होतं. दिग्दर्शक डब्यासमोर बसून चौदावं प्रकरण वाचू लागले आणि डबा तसाच राहिला. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. “काकू, हे आपण घेऊ. पण लढाईनंतर नाही, अगदी सुरुवातीला. कुठल्यातरी आधीच्या लढाईतली चीर समजा. म्हणजे डेकवरची रेघ खरी ठरेल.”

“चौदावं प्रकरण पहिलं?” काकू कडाडल्या. “पायाच्या आधी कळस? कप्तान कोण ते लोकांना कळायच्या आतच तो घाबरलेला दाखवणार? अहो, पुस्तकाची वाट लावाल तुम्ही!”

“मग राहू दे म्हणता?”

काकू बोलता बोलता थांबल्या. अडतीस वर्षं जे मागत होत्या ते समोर आलं होतं, आणि नाही म्हणायला त्याच पुढे झाल्या होत्या. त्यांना स्वतःचाच राग आला, मग हसू आलं. “लेखक बरा असता तर त्याने हे आधीच जागेवर बसवलं असतं,” त्या म्हणाल्या. “घ्या. पण टाका खरा घालायचा.”

खरा टाका घालायचा तो या चित्रपटाच्या हिरोने. त्या बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळभर मनापासून प्रयत्न केला. चार बोटं टोचून घेतली, आणि शेवटी कोट स्वतःच्या विजारीला शिवून टाकला. उठायला गेला तर कप्तान आणि कोट एकत्रच उठले.

“हात दुसऱ्याचे घेऊ,” दिग्दर्शक म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदमच काकूंकडे पाहिलं.

रंगभूषेवाल्याने काकूंच्या हातांवर केस चिकटवले, मनगटावर नांगर काढला, नखांत काजळी भरली. पण इस्त्रीचे जुने चटके त्याने तसेच ठेवले. म्हणाला, असे मला जमले नसते. काकू हात उलटेसुलटे करून बघत बसल्या. “यजमानांना दाखवायला हवेत,” त्या म्हणाल्या. “घाबरतील तरी.”

दिवा लागला, कॅमेरा हातांच्या अगदी जवळ आला, आणि काकूंनी सुईत दोरा ओवला. हात थरथरवायचा अभिनय करावा लागला नाही. तो आपणच थरथरत होता. पहिला टाका चुकला. त्यांनी तो उसवला, पुन्हा घातला. मग हात बसला. काकू दिवा विसरल्या, माणसं विसरल्या. इतकी वर्षं त्या या माणसाचे कोट शिवत आल्या होत्या, आणि आज त्याच्या खोलीत, दार लावून, त्याच्या जागी बसल्या होत्या. डोळे भरून आले तरी त्यांनी ते पुसले नाहीत, कारण चौकटीत फक्त हातच होते.

“कट,” दिग्दर्शक म्हणाले. “काकू, झालं. छान झालं.”

काकूंची सुई चालूच होती.

“काकू, कट!”

“तुमचं झालं असेल,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “कप्तानाला अजून बाहेर जायचंय. अर्धी पाठ उघडी टाकून जाऊ का?”

कॅमेरावाल्याने दिग्दर्शकांकडे पाहिलं. त्यांनी हातानेच खूण केली, चालू ठेव. शेडमधले सगळे जागच्या जागी उभे राहिले, आणि काकूंनी कमरेपर्यंतचा शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला.