रिकाम्या हॉलमधला फोटो

बिबवेवाडीत श्यामसुंदर गोवंडे सरांच्या स्टुडिओत मी चार वर्षं काढली. बाहेर पाटी 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत', आत सर आणि सरांचं तोंड. पहिल्या दिवशी मी हौसेने माझे सूर्यास्ताचे फोटो दाखवले, तर म्हणाले, "सूर्य रोज मावळतो. यात तू काय केलंस?" मला भयंकर राग आला. तेव्हा मला राग वगैरे यायचा.

त्यांचं शिकवणं म्हणजे भाषण नव्हे. लग्नाच्या ऑर्डरला मला सोबत न्यायचे. एक कॅमेरा त्यांचा, एक माझा. दुसऱ्या दिवशी दोघांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ओतायचे आणि सरसकट एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे. कुणी काढला ते कळताच कामा नये. मग निवड. "फोटो बघ, काढणारा कशाला बघतेस?" स्वतःचे फोटो निर्दयपणे फेकायला मी तिथे शिकले. कार्य उरकल्यावरही अर्धा तास हॉलमध्ये थांबायचं, हेही तिथेच. पुढे 'मला जमणार नाही, अस्मिताला न्या' असं खुशाल खोटं सांगून त्यांनी मला दोन मोठी गिऱ्हाइकं दिली. आज मी पोटापाण्याला लागले ती त्यांच्यामुळे.

गेल्या वर्षी एका संस्थेने नव्या फोटोग्राफरांसाठी फेलोशिप काढली. सरांनीच फॉर्म भरायला लावला. मी जुन्या फोल्डरांतून दहा फोटो उचलले. त्यातला एक परीक्षकांना फार आवडला. पाठवणी झाली आहे, हॉल रिकामा आहे आणि मुलीची आई चपला काढून पंगतीच्या टेबलावर एकटीच जेवते आहे. या फोटोमुळे निवड केली, असं त्यांनी पत्रातच लिहिलं. फोटो माझा, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. मी तिथे उभी होते, ती आई मला आठवत होती.

मग त्यांनी फेलोशिपच्या प्रदर्शनात लावायच्या मोठ्या प्रिंटसाठी मूळ फाइल मागितली. फाइलीचं नाव बदललं तरी कॅमेरा कुठला ते आत नोंदलेलं राहतं. कॅमेरा सरांचा होता. धक्का बसायला हवा होता, तोही बसला नाही. मी भांडी घासली, गाडी काढली आणि स्टुडिओत गेले.

सर पासपोर्ट फोटो कापत होते.

"सर, तो फोटो तुमचा आहे."

"माहितीये."

"कधीपासून?"

"फॉर्म दाखवलास तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या ढिगातून नेमका तोच उचललास. चार वर्षं फुकट गेली नाहीत, एवढं कळलं मला."

"मी त्यांना कळवते."

कात्री थांबली. "कळव की. तुझी फेलोशिप जाईल आणि फोटो परत माझ्या कपाटात येईल. तीस वर्षांत माझे फोटो लोकांच्या बेडरूममध्ये लागले, अस्मिता. चार माणसं थांबून बघतील असा एक नाही लागला. हा लागू दे."

मी संस्थेला काहीच कळवलं नाही. फाइल त्याच संध्याकाळी पाठवली. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, अजूनही वाटत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

उद्घाटनाला सर स्वारगेटला बस बदलून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. भिंतीवर तो फोटो, चांगला चार फुटी. बाजूला छोटी चिठ्ठी: छायाचित्र, अस्मिता लिमये. लोक अभिनंदन करत होते, मी थँक यू म्हणत होते. सर दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिले. एका बाईंनी विचारलं, "आपण यांचे वडील का?"

"छे. आमचा पासपोर्ट फोटोंचा धंदा," सर म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "माझा एक काढ याच्यासोबत. घरी दाखवायला."

ते फोटोच्या उजव्या कडेला उभे राहिले. मी फोन वर धरला. तेवढ्यात ते एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी खांदा भिंतीला टेकवला. आता फोटो पूर्ण दिसत होता, सर दिसत होते. माझ्या नावाची चिठ्ठी त्यांच्या खांद्यामागे गेली होती.

"येतंय ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"येतंय, सर," मी म्हणाले आणि बटण दाबलं.