मजुरीच्या रजिस्टरमधला अंगठा

नवापूर तालुक्यात नेमणुकीला असताना हाताळलेला चोरीचा एक गुन्हा माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चोरीला गेलं होतं एका पोल्ट्रीवरचं मजुरीचं रजिस्टर. सरकारने ठरवलेलं किमान वेतन दिलं, याचा पुरावा म्हणून त्यात दर महिन्याला मजुरांचे अंगठे घेतलेले असत.

मॅनेजर घाईत होता. "समदं कायदाप्रमानेच शे, साहेब. पन कामगार अधिकारी तपासनीले येनार शे, आनि आमनी एक मजूर बाई रजिस्टर लई गयी."

दुपारी स्टँडवरच्या चहावाल्याने खबर दिली. एक बाई सकाळपासून गाठोडं धरून बसली होती, गाड्या सोडून देत होती.

तिला ठाण्यात आणलं. "कोणी चोरायला सांगितलं?" मी दरडावून विचारलं. तिची बोली पावरी, सातपुड्यातल्या आदिवासींची; मला ती येत नव्हती. धडगावकडच्या आमच्या महिला शिपायाने तिला पाणी दिलं, शेजारी जमिनीवर बसून तिच्या बोलीत विचारलं. बाईने गाठोड्यातून रजिस्टर काढलं, उघडून एका अंगठ्यावर बोट ठेवलं. शिपाई सांगू लागली, "साहेब, हा तिच्या नवऱ्याचा. विळ्याने कापल्याची रेघ आहे बघा. होळीला गावी गेला आणि तापाने वारला. मूलबाळ नाही."

"फोटो नाही का त्याचा?"

"आहे म्हणते. पण फोटोत तो घाबरलेला दिसतो. इथे त्याने स्वतः हात टेकवलाय."

मी पुढची पानं उलटली. होळीनंतरही तीन महिने त्याचं नाव होतं, अंगठाही होता. रेघ मात्र नव्हती.

मॅनेजरला बोलावलं. ती पानं दाखवली आणि शाईचं पॅड त्याच्यापुढे सरकवलं. त्याने अंगठा मुठीत दडवला, मग ते ठसे आपलेच असल्याचं कबूल केलं. नवऱ्यामागे दोघांचं काम ती एकटीच करत होती. कागदावर मात्र दोघंही हजर, पूर्ण मजुरी घेतलेले. प्रत्यक्षात तिच्या हातात एकाचीही पुरी पडत नव्हती.

बनावट अंगठ्यांचा गुन्हा नोंदवला, कामगार अधिकाऱ्यांना अहवाल पाठवला. तिला समज देऊन सोडलं. जाताना तिने नवऱ्याच्या अंगठ्याचं ते एक पान मागितलं. मुद्देमाल होता, देता येईना. मी झेरॉक्स काढून दिली. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि कागद परत केला. मग एकटीच स्टँडकडे चालू लागली.

पुढे मजुरीचा फरक तिला मिळाला. कायदा तेवढं करू शकतो, आणि त्याने ते केलं. समोरच्याला काय हवंय हे आपणच ठरवून टाकतो, हे त्या दिवशी मला कळलं. तिने पैसे मागितलेच नव्हते. अहवालात हे लिहायला रकाना नव्हता.