साहेबांच्या कुंड्या

नवं राज्य झालं आणि आमचं ऑफिस शंकर नगरातल्या भाड्याच्या बंगल्यात येऊन पडलं. टेबलं पुरत नव्हती, फायली जमिनीवर. पण भोपाळहून आलेल्या साहेबांना आधी कुंड्या पाहिजे होत्या. आमचं शहर राजधानी ना आता! व्हरांडाभर मनी प्लांट, क्रोटन, रबराची झाडं मांडली गेली.

मग पाण्याचा तमाशा सुरू झाला. साहेबांची गाडी फाटकात शिरली, की ऑफिसातला जो तो पाण्याचा मग घेऊन कुंडीकडे पळे. घरच्या तुळशीकडे ढुंकून न पाहणारे हे बाप्ये, इथं काय ती माया! उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ पानांवर बसली की म्हणायचे, "बिचारं सुकून राहिलं," आणि ओत अजून एक मग. फडक्यानं पान पुसायची अक्कल एकालाही नाही.

आमचा माळी रोजंदारीवर होता, साठीकडे झुकलेला. कायम करायच्या यादीत एकदाचं त्याचं नाव लागलं होतं. साहेबांची सही तेवढी बाकी होती. तो रोज सकाळी मातीत पेरभर बोट घालायचा. ओली लागली की "आज पानी नइ लागय, दीदी," म्हणून पुढच्या कुंडीकडे. मीही घरी तसंच करते, त्यामुळे त्याचं बरोबर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

महिन्याभरात झाडं पिवळी पडली, खोडं बुडाशी मऊ झाली. मगवाल्यांनी एकमुखानं ठरवलं, माळ्यानं मारली! "नुसता बसून राहते. त्याले पाणी देताना पाहिलं काय कोणी?"

साहेबांनी मला आत बोलावलं. "मॅडम, आपके घर में तो बहुत पौधे हैं. पानी कम पड़ा क्या?"

मुळं पाण्यानं सडली, एवढंच सांगायचं होतं. पण मग पाणी कोणी ओतलं तेही सांगावं लागलं असतं. आणि रोज संध्याकाळी निघताना बाटलीतलं उरलेलं पाणी साहेब स्वतःच दाराशेजारच्या कुंडीत रिकामं करायचे. एवढा वेळ मगवाल्यांना नावं ठेवणारी मी मोठी शहाणी, तिथं मी साहेबांच्या सुरात सूर मिळवला.

"जी सर, कम ही पड़ा," मी म्हणाले.

साहेबांनी यादी पुढं ओढली. माळ्याचं नाव खोडायला गेले, तर त्यांचं पेन उमटेना. मी माझं दिलं.