टेलरभाऊंची राहिलेली माफी

टेलरभाऊंची माफी आमच्या घरी दुधाच्याही आधी यायची. सकाळी सव्वासहाला फाटकाची कडी वाजली की आई आतूनच म्हणायची, "जा, टेलरभाऊ असतील. माफ करून ये." मी तशीच विस्कटलेल्या केसांनी बाहेर जायचे. भाऊ सायकल भिंतीला न टेकवता हातात धरून उभे असायचे. "बाई, काल तुमी बाजारात हात केला, मी बोललो नाई. तोंडात टाचणी होती जी. तुमाले वाटलं असल, टेलर फुगला. माफ करजा." मी म्हणायचे, "असू द्या हो भाऊ." त्यावर ते जागचे हलायचे नाहीत. "'असू द्या' नाई चालत. 'माफ केलं' असं तोंडानं म्हणा." मग दात न घासलेल्या तोंडानं मी त्यांना माफ करायचे आणि ते पुढच्या घरी जायचे.

मूल गावात राइस मिलच्या रस्त्याला त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी तिथल्याच एका शाळेत शिकवते. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम चाळीस घरं, त्यामुळे कुणाला शिंक आली तरी सगळ्यांना कळतं. गावातला शिंपी दिलेला वायदा पाळत नाही, हा सगळीकडचा अनुभव. आमचे भाऊ उलटे. कपडे दोन दिवस आधी तयार आणि वर तक्रार त्यांचीच. एकदा माझ्या ब्लाउजची डावी बाही उजवीपेक्षा सुताएवढी आखूड झाली. मला ती दिसली नाही, आईला दिसली नाही, शाळेतल्या कुणालाही दिसली नाही. भाऊंना मात्र तीन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी त्यांनी ब्लाउज मागून नेला, उसवला, आणि परत दिला तेव्हा तो मला दंडाला घट्ट होत होता. त्याची माफी वेगळी.

त्यांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. उपासनेत बाकाखाली त्यांचा उजवा पाय मशीन चालवल्यासारखा हलत असायचा. उपदेश लांबला की ते उठून दारापर्यंत जायचे, चपला बघून यायचे आणि पुन्हा बसायचे. पोरं त्यांना 'माफीमास्तर' म्हणायची. मीही हसायचे. खरं सांगायचं तर मला त्यांचा वैतागच यायचा. एवढ्या-तेवढ्यासाठी माणसानं स्वतःला इतकं कशाला पिळावं? एकदा तसं बोललेही. ते म्हणाले, "बाई, माफी ताजी ताजी मांगावी. शिळी झाली का गळ्यातून वर येत नाई." तेव्हा मला तो नुसता टेलरभाऊंचा एक शेरा वाटला होता.

आमच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याच्या आदल्या शनिवारी ज्यांचा आपसात रुसवा असेल त्यांनी एकमेकांच्या घरी जाऊन तो मिटवायचा. मनात आकस ठेवून प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही. भाऊंचा तो शनिवार म्हणजे दिवाळीच. दुकान बंद ठेवून ते सगळं गाव पालथं घालायचे. आणि रविवारी भाकरीचं ताट बाकावरून हातोहात पुढे सरकत आलं की ते ताट घ्यायचे, डोकं वाकवायचे आणि काहीही न घेता शेजारच्याकडे द्यायचे. द्राक्षारसाचंही तेच. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसायचे, म्हणून मला दिसलं. आधी वाटलं, चुकून झालं असेल. पुढचे चार महिने मी मुद्दाम लक्ष ठेवलं. त्यांनी एकदाही तुकडा उचलला नाही.

मी सरळ दुकानात गेले आणि विचारलं. मला आडवळणानं विचारता येत नाही. भाऊंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, आत काजं करत होती. तिचाही हात थांबला. "सांगून टाका एकडाव," ती म्हणाली. "वीस वर्ष झाले, माह्याच कानात सांगून राह्यले."

काकूचं माहेर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातलं एक लहानसं गाव. लग्नानंतर भाऊ दर मार्चमध्ये मोहफुलं वेचायला सासरी जायचे. तिथे मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा गोळा करून जाळायचा, म्हणजे जमीन साफ होते आणि फूल नजरेला पडतं. जाळ विझेपर्यंत तिथून हलायचं नाही, हा नियम. त्या वर्षी भाऊंनी पाचोळा पेटवला, जाळ बसल्यासारखा वाटला आणि ते भूक लागली म्हणून घरी निघून आले. मागून वारा सुटला. गावानं राखलेलं बांबूचं बन जळालं, कडेचा एक गोठा जळाला, आणि त्या गोठ्यात दावणीला बांधलेला बैलही.

शेजारची दोन झाडं मनकूभाऊंची होती. ते गोंड, भाऊंच्याच वयाचे, आणि त्या गावातले भाऊंचे एकमेव दोस्त. लोक धावत गेले तेव्हा मनकूभाऊ ओली फांदी घेऊन एकटेच आग झोडपत होते, कोपरापर्यंत काळे झालेले. लोकांना तेवढं पुरलं.

"मी पोचलो तवा सगळे त्यालेच बोलून राह्यले होते," भाऊ म्हणाले. "मी तोंड उघडलं होतं, बाई. आईशप्पत उघडलं होतं. तितक्यात सासऱ्यानं मले धरून घरी आणलं, माह्या हातावर पाणी टाकलं. म्हणे, जवाई, हात धुवा, पान वाढलं आहे. मी हात धुतले. जेवलो."

पुढे मनकूभाऊंवर केस झाली, तारखांना हेलपाटे घालावे लागले. गावानं त्यांची दोन्ही झाडं काढून दुसऱ्याला दिली. 'आगलाव्या' हे नाव त्यांना चिकटलं आणि त्यांच्या मुलांनाही. त्यांचा एक मुलगा त्या नावाला कंटाळून तेलंगणात मिरचीच्या कामाला गेला, तो परत आला नाही. भाऊंनी त्या गावी जाणंच सोडलं.

"चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं ना. ते म्हणते, मनापासून पस्तावला ना, देवानं माफ केलं, आता भाकर घ्या. देवाचं मले मालूम आहे, बाई. तो त माफच करून राह्यला सकाळ-संध्याकाळ. पण नुकसान मनकूचं झालं. त्याले न इचारता मी वरच्यावर कसा मोकळा होऊ?"

"मग जा ना त्याच्याकडे!" मी इतक्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. गावभर सुतासुताच्या माफ्या वाटत फिरणारा हा माणूस जिथे जायचं तिथेच गेला नव्हता. मला राग आला आणि दुसऱ्याच क्षणी त्यांची फार दया आली.

त्याच शनिवारी मीच त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. वाटेतल्या सावली गावात त्यांनी पाणी प्यायला थांबवलं. नदीच्या पुलाअलीकडे चहाला थांबवलं. जंगलाचा रस्ता लागल्यावर म्हणाले, "बाई, दुकानाचं कुलूप लावलं का नाई, आठवत नाई." मी स्कूटी थांबवली नाही.

मनकूभाऊ अंगणात टोपली विणत होते. त्यांनी वर पाहिलं, भाऊंना ओळखलं आणि खाट पुढे केली. भाऊ खाटेवर बसले नाहीत, जमिनीवर बसले. वाटेत दहा वेळा घोकलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, "मनकूभाऊ, ते आग माही होती."

मनकूभाऊंनी हातातली बांबूची पट्टी वाकवून विणीत घातली. "मले मालूम आहे," ते म्हणाले. "तुह्या झाडाखालून निंगताना मी पाह्यली."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू सांगशील म्हणून."

भाऊंना रडू फुटलं. ते माफी मागायला लागले, तर मनकूभाऊंनी हात वर करून थांबवलं. "मले सांगून काय फायदा रे? मले त मालूमच होतं. ज्याईले मालूम नाई त्याईले सांग."

मला वाटलं होतं, दोघं गळ्यात पडतील आणि आम्ही संध्याकाळच्या आत घरी पोचू. झालं भलतंच. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. गावापुढे सांगायचं म्हणजे मेहुण्यांसमोर सांगायचं, मेलेल्या सासऱ्याचं नाव मध्ये आणायचं, बैल गेला त्या घरासमोर उभं राहायचं. ते बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. मग स्वतःच गावच्या म्होरक्याकडे गेले आणि लोक बोलवायला सांगितलं.

दुपारी समाजमंदिराच्या ओट्यावर पन्नासेक माणसं जमली. भाऊ मध्ये उभे राहिले. प्रार्थनेत चारदा अडखळणारा माणूस त्या दिवशी एकदाही अडखळला नाही. "आग मी लावली. विझायच्या पहिले घरी गेलो. मनकूनं विझवाले पाह्यली. नाव त्याचं झालं, मी चूप बसलो. जेवत होतो मी." एवढंच बोलले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. धाकटा मेहुणा उठून चालता झाला आणि त्यानंतर तो बहिणीकडे राखीलाही आला नाही. बैल गेलेल्या घरची म्हातारी भाऊंकडे एकटक बघत राहिली. ते बघणं मला सहन झालं नाही, मी खाली मान घातली. आठ-दहा दिवसांनी गावानं बैठक घेऊन मनकूभाऊंची झाडं त्यांना परत दिली.

पण 'माफ केलं' हे शब्द काही मनकूभाऊंनी उच्चारले नाहीत.

तेव्हापासून भाऊ दर शनिवारी सकाळच्या एसटीनं तिकडे जायला लागले. मोहाच्या दिवसांत मनकूभाऊंच्या झाडांखालचा पाचोळा खराट्यानं झाडून टोपल्यांनी लांब नेऊन टाकायचे, काडी ओढायचे नाहीत. मनकूभाऊंना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून फुलंही हेच वेचायचे. एरवी दोघं अंगणात बसायचे. मी सोमवारी विचारायचे, "म्हणाले का?" भाऊ सांगायचे, "पाऊस कवा येते म्हणे." पुढच्या सोमवारी, "म्हणाले का?" "त्याची शेळी व्याली." मी चिडून म्हणाले, मीच येऊन विचारते त्यांना. भाऊ घाबरले. "नको बाई. मांगणं आपल्या हाती आहे. देणं त्याच्या हाती."

पाळकसाहेब प्रत्येक महिन्याला समजावायचे आणि ताट प्रत्येक महिन्याला तसंच पुढे जायचं. असं दोन वर्षं चाललं. काकू म्हणायची, रात्रीसुद्धा यांचा पाय हलतच असतो.

गेल्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत भाऊ गेले. दुकानातच, मशीनवर डोकं टेकून. गुरुवारी आम्ही त्यांना मातीत ठेवलं. शुक्रवारी शाळेत शिकवताना माझ्या लक्षात आलं, उद्या शनिवार. मनकूभाऊंना कुणीच कळवलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी स्कूटी काढली. मनकूभाऊ गावच्या एसटी थांब्यावर बसलेले दिसले. अंगावर धुतलेला सदरा, हातात काठी. सकाळची एसटी येऊन गेली होती. "टेलर नाई आला आज," ते मलाच सांगायला लागले. मी काय झालं ते सांगितलं. ते काठीवर जोर देऊन उठले आणि म्हणाले, "कुठी ठेवलं त्याले? मले नेता काय?"

दुपार टळली तेव्हा आम्ही कबरस्तानात पोचलो. माती अजून ओली होती, फुलं वाळली होती. मनकूभाऊ काठीच्या आधारानं मोठ्या कष्टानं खाली बसले. मातीवर तळहात ठेवून म्हणाले, "माफ केलं रे टेलर." थांबून पुन्हा म्हणाले. मग गोंडीत काहीतरी बोलत राहिले, ते मला समजलं नाही.

मी इतके दिवस आवरलेलं सगळं त्यांच्यावर ओतलं. "आता कशाला म्हणता? दोन वर्षं तो माणूस या एका शब्दासाठी तुमच्याकडे येत होता. भाकरीला हात न लावता गेला तो. तेव्हा म्हणायला तुम्हाला काय झालं होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही.

"मी त कवाचंच केलं होतं, बाई. गावापुढं उभा राह्यला, त्याच दिवशी. पोरगा गेल्यापासून माह्या अंगणात दुसरं कोणी येत नाई. तोंडानं म्हटलं असतं, त शनवारी तो कायले आला असता?"