तळापर्यंत प्यायलेले पेले

केज तालुक्यातल्या आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या तळ्यात मी पोहायचा सराव करायचो. एका वर्षी दुष्काळात तळं आटलं, तरी मी हट्टानं ट्रायथलॉनला गेलो. समुद्रात पोहून झालं, सायकलही निभावली. घात झाला तो पळताना.

वाटेत ठिकठिकाणी पाण्याचे पेले भरून ठेवले होते. बाकीचे घोटभर प्यायचे, उरलेलं डोक्यावर ओतायचे नाहीतर भरला पेला तसाच फेकायचे. माझं डोकं फिरलं. टँकरमागे घागर घेऊन धावणारी आई मी आदल्याच आठवड्यात पाहिली होती. हातात आलेला प्रत्येक पेला मी तळापर्यंत पीत गेलो. पोट टम्म फुगलं, आत पाणी डुचमळू लागलं आणि शेवटी मी रस्त्याकडेला भडाभडा ओकलो.

"अहो, डोक्यावर ओता की!" पेले वाटणारा एकजण म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो. मग कसाबसा चालत शर्यत पुरी केली.

घरी येऊन पदक आईच्या हातात दिलं, सगळं सांगितलं. तिनं पदकाकडं बघितलंसुद्धा नाही.

"म्हंजी पिलेलं समदं वायाच गेलं की रे," ती म्हणाली.